सकाळी शिकलेला चढ

या, असे जवळ येऊन बसा. दाराशी बसलात तर अर्धी गोष्ट वारा घेऊन जाईल, आणि ही गोष्ट तर वाऱ्याचीच आहे. एका म्हाताऱ्या ड्रायव्हरची, त्याच्या सुनेची, आणि आपण जिला कधी जमेस धरत नाही त्या हवेची. ऐकून झाल्यावर तुमच्याकडे एक छोटीशी मागणी आहे. ती शेवटी सांगेन, मधेच उठू नका.

त्या ड्रायव्हरला खऱ्या नावानं हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. चाळीस वर्षं त्यांनी प्रवासी बस चालवली, आणि इतकी हळुवार चालवली की उभ्यानं जाणारा माणूस दांडा न धरता चहा प्यायचा. डेपोतल्या सोबत्यांनी त्यांचं नाव ठेवलं 'अलगद'. निवृत्त झाल्यावर गल्लीनं त्याला 'काका' जोडलं. बायको तेवढी चिडली की नुसतं 'अलगद' म्हणायची: "हे बघा अलगद, तुम्ही कितीही हळू बोललात तरी खोटं ते खोटंच. डब्यातला गूळ तुम्हीच संपवलात."

मुलगा बोटीवर. सहा महिने समुद्रात, दोन महिने घरी. घरात मग तिघंच: काका, काकू आणि सून. सून इस्पितळात परिचारिका. अकरा वर्षं एकाच वॉर्डात काढलेली. तिला एक रुखरुख होती. माणूस बरा होऊन, निदान बरा झाला असं कागदावर लिहून, घरी जायचा, आणि पुढे त्याचं काय झालं ते कळायचंच नाही. टाके ओले राहिले का, बाळानं दूध ओढलं का, म्हातारीला कुशीवर कोणी वळवलं का. म्हणून तिनं फिरत्या परिचारिकेच्या जागेसाठी अर्ज केला होता. टेकडीवरच्या वस्त्यांमधून घरोघर जायचं काम. जागा मिळाली, पत्र आलं, आणि पत्राच्या तळाशी एक ओळ होती: मार्चअखेरीपर्यंत मोटार चालवण्याचा परवाना दाखल करावा.

सुनेनं ती ओळ तीनदा वाचली. काकांनी एकदाच वाचली आणि चष्मा काढून ठेवला.

"चाळीस वर्षं परक्या लोकांना नेऊन पोचवलं," ते म्हणाले. "घरच्या लेकीला शिकवायला मला कोणी शाळा नको."

तेव्हा त्या मुदतीला अडीच महिने होते. दुसऱ्या दिवशीपासून शिकवणी सुरू झाली.

घरची गाडी जुनी, पेट्रोलवर चालणारी, फिकट निळी. काकांचा तिच्याबाबतीत एक नेम होता: उन्हात गाडी काढायची नाही. बसच्या दिवसांत उन्हाळ्यात रस्त्याकडेला वाफा सोडत उभ्या राहिलेल्या गाड्या त्यांनी इतक्या पाहिल्या होत्या, की स्वतःची गाडी ते पहाटेच फिरवून आणायचे आणि दिवसभर झाकून ठेवायचे. सुनेची ड्यूटीही आठाची. तेव्हा साडेपाच ते सव्वासहा ही वेळ दोघांना सोयीची पडली. गारठा असा असायचा की स्टिअरिंगला हात लावताना सून आधी बोटांवर फुंकर घालायची.

काका तिच्या आधी दहा मिनिटं खाली उतरत. काचेवरचं दव पुसत. चोकची खुंटी ओढून इंजिन चालू करून ठेवत. सून जिना उतरून यायची तोवर गाडी छान एका सुरात गुणगुणत असायची, आणि काका शेजारच्या सीटवर हात मांडीवर ठेवून बसलेले असायचे, देवळात बसल्यासारखे.

पाण्याच्या टाकीमागे एक बेताचा चढ होता. तिथे अर्ध्यावर थांबायचं, हँडब्रेक ओढायचा, आणि मागे न घसरता पुन्हा निघायचं.

"घाई नाही," काका म्हणत. "क्लच अलगद सोड. गाडीला आपण होऊन चढावंसं वाटलं पाहिजे."

आणि गाडीला खरंच तसं वाटायचं! सून क्लच सोडत आली की गाडी किंचित थरथरायची आणि चढ चढायला लागायची. उजव्या पायाला काही कामच नसायचं. पन्नास दिवसांत गाडी एकदाही बंद पडली नाही. काकांनी ही बातमी दूधवाल्याला सांगितली, न्हाव्याला सांगितली, बोटीवर मुलाला कळवली. मुलानं उलट विचारलं, "बाबा, मला शिकवताना तर तुम्ही दर चढाला ओरडत होता." काका म्हणाले, "तुझा पाय आणि तिचा पाय यांत फरक आहे."

परवान्याच्या परीक्षा मात्र दुपारी एक ते तीन याच वेळात होत. शहराच्या टोकाला, कुंपण घातलेल्या मोकळ्या मैदानात. मध्ये सिमेंटचा चढ बांधलेला. गाड्या रांगेत उभ्या, आणि सावली म्हणाल तर कुंपणाबाहेर एका झाडापुरती.

पहिल्या दिवशी सुनेची गाडी चढावर बंद पडली. "पहिल्यांदा होतं असं," काका म्हणाले.

आठ दिवसांनी दुसऱ्यांदा पडली. लागोपाठ दोनदा. परीक्षा घेणाऱ्या इन्स्पेक्टरबाई वयानं सुनेएवढ्याच, डोक्यावर रुंद टोपी, हातात फळीला लावलेला कागद. वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "अजून एक संधी आहे तुम्हाला. त्यात नाही झालं तर मग सहा महिने थांबावं लागेल." कागदावर फुली मारताना त्या चुकचुकल्या.

सहा महिने म्हणजे ती जागा दुसऱ्या कोणाची. सून गाडीतून उतरून कुंपणापाशी आली. रडत नव्हती. वॉर्डात एखाद्याची वाईट बातमी घरच्यांना सांगताना तिचा चेहरा जसा कोरा व्हायचा तसा झाला होता.

"बाबा, मला नाही जमत. पत्र परत देऊन टाकते मी. वॉर्ड बरा आहे माझा."

काकांना तो कोरा चेहरा बघवेना. आणि जे दुःख बघवत नाही त्याचा आपण राग करून टाकतो, तसं त्यांचं झालं. ते तरातरा आत गेले आणि इन्स्पेक्टरबाईंना म्हणाले, "बाईसाहेब, तुमच्या चढातच काहीतरी खोट आहे. माझी सून पन्नास दिवसांत एकदाही चुकली नाही."

"चढ सिमेंटचा आहे काका. त्याला कसली खोट?"

"मी चढवून दाखवतो. आत्ता. याच गाडीनं."

बाईंनी घड्याळ बघितलं, रांग बघितली, काकांचं पांढरं डोकं बघितलं. "दाखवा. पाच मिनिटं देते. मलाही जरा बसता येईल."

काका चालकाच्या जागी बसले. सून शेजारी. बसल्या बसल्या काकांना सीटचा चटका बसला. चढाच्या अर्ध्यावर त्यांनी गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला, आणि पन्नास दिवस जे शिकवलं तेच केलं. क्लच सोडत आले, अगदी अलगद. उजवा पाय हललाही नाही.

गाडीनं एक आचका दिला आणि बंद पडली.

पुन्हा चालू केली. पुन्हा क्लच. पुन्हा आचका. या खेपेला हँडब्रेक आधीच सोडलेला, त्यामुळे गाडी मागे घसरायला लागली. काकांचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत शेजारून सुनेनं हात घालून हँडब्रेक ओढला. झोपेत पलंगावरून घसरणाऱ्या आजाऱ्याला सावरावं इतक्या सहज ओढला.

रांगेतून कोणीतरी ओरडलं, "काका, तुमचापण पहिलाच परवाना का?" सगळं मैदान हसलं. इन्स्पेक्टरबाईंनी टोपी पुढे ओढून हसू लपवलं.

आणि काका? चाळीस वर्षांत ज्यांच्या हातून प्रवाशाला धक्का लागला नव्हता ते काका स्टिअरिंग धरून नुसते बसून राहिले. कान लाल. पण खरं सांगू का, लाज वाटत असतानाही त्यांच्या पायाच्या तळव्याला काहीतरी कळायला लागलं होतं. त्यांनी गाडी तिसऱ्यांदा चालू केली आणि क्लचला हातच... म्हणजे पायच लावला नाही. नुसतं ऐकलं. इंजिन अडखळत होतं. दोन ठोके नीट, एक चुकार. त्यांच्या पहाटेच्या गाडीचा हा आवाजच नव्हे.

गाडी मागे घेऊन त्यांनी झाडाखाली लावली. बॉनेट उघडलं. आतून भट्टीचं दार उघडल्यासारखी झळ आली. बराच वेळ ते वाकून बघत राहिले. मग सरळ झाले, पण सुनेकडे बघेनात.

"बाळ," ते बॉनेटशी बोलावं तसं म्हणाले, "मी तुला गाडी शिकवलीच नाही. मी तुला सकाळ शिकवली."

"म्हणजे?"

"म्हणजे असं बघ. इंजिनाला जगायला हवा लागते, तुझ्यामाझ्यासारखीच. गार हवा दाटीनं बसते. इंजिन एका श्वासात जेवढी ओढतं, तेवढ्यात पहाटे जास्त कस असतो. दुपारी तीच हवा तापते, फुगते, विरळ होते. श्वास तेवढाच, पण आत सत्त्व कमी. मग जोर कुठून आणायचा तिनं?"

"आणि रांगेत उभं राहून?"

"ते तर आणखी वाईट. अर्धा तास उन्हात, इंजिन चालू, पुढून वारा नाही. तापलेलीच हवा ती पुन्हापुन्हा ओढत बसली. आतलं पेट्रोलसुद्धा जागच्या जागी उकळायला लागतं." पुढचं सांगणं अवघड होतं. "आणि पहाटे मी काय करायचो माहीत आहे? तू यायच्या आधी चोक ओढून ठेवायचो. थंड इंजिन नीट चालावं म्हणून. चोक ओढला की रेस आपोआप वाढते. शिकवणी संपेपर्यंत मी तो पुरता आत ढकलतच नव्हतो, तुला त्रास नको म्हणून. म्हणून ती आपण होऊन चढायची. तुझा उजवा पाय काही शिकलाच नाही. ते काम हवा करत होती आणि मी करत होतो."

"पण मग तुमची का बंद पडली? तुम्ही तर इतकी वर्षं..."

"बसचं इंजिन केवढं, डिझेलवरचं. भर उन्हातही बस नुसत्या क्लचवर उचलायची. ही गाडी तर, परीक्षेला इथे आणली ती सोडून, मी पहाटेशिवाय कधी काढलीच नाही. माझ्याही पायाला हिची दुपार ठाऊक नव्हती." आता त्यांनी मान वर केली. "चूक माझी आहे. तुझी एका आण्याचीही नाही. आणि मी आत जाऊन त्या बाईशी भांडलो."

सून गाडीला टेकून ऐकत होती. इतका वेळ कोरा असलेला चेहरा आधी हलला, मग ओठ हलले, आणि मग ती जी हसायला लागली! "बाबा, तुमचे कान... तुमचे कान अजून लाल आहेत!" काका आधी रुसले, मग तेही हसले. हसता हसता तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "म्हणजे दुपारी तिला धाप लागते."

"धापच."

"मग सोपं आहे. धाप लागलेल्या माणसाला मी रोजच बघते."

घरी काकूंना सगळं कळलं तेव्हा त्या पदर तोंडाला लावून हसल्या. काका ताटावर बसून भात चिवडत होते. काकू म्हणाल्या, "चाळीस वर्षं डोक्यावर चढून बसली होती ती मिजास, बरं झालं एकदाची उतरली. आता जेवा. उद्या दुपारी पोरीला घेऊन जायचंय ना?"

"दुपारी?" काकांनी वर बघितलं. नेम मोडायचा म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं.

"मग काय परीक्षा पहाटे घेणार आहेत तुमच्यासाठी?"

शेवटच्या परीक्षेला अकरा दिवस होते. सुनेनं शिल्लक रजा टाकली. आणि तिनं एक गोष्ट केली जी कुठल्या ड्रायव्हरला सुचली नसती. आजाऱ्याच्या पलंगाला पायाशी लावतात तसला तक्ता तिनं आखला. भिंतीवरचं तापमापक काढून गाडीत ठेवलं. दिवसातून तीन वेळा त्याच चढावर जायचं: पहाटे, दहाला, दोनला. आणि लिहायचं. वेळ. बाहेरचा पारा. आवाज कसा. उजवा पाय किती.

"गाडी चालवणं कागदावर नसतं, पायात असतं," काका कुरकुरले.

"नाडीपण बोटातच असते बाबा. तरी लिहून ठेवतो आम्ही."

पहिल्या दिवसाच्या तीन ओळी अशा होत्या. पहाट: पारा चौदा, आवाज भरलेला, पाय जेमतेम. दहा: पारा सव्वीस, आवाज मोकळा, पाय थोडा. दोन: पारा अडतीस, आवाज तुटक, पाय बराच, आणि आधीपासून. शेवटच्या शब्दांखाली तिनं रेघ मारली होती. चोकला आता काका हात लावत नव्हते. कधी ओढायचा, कधी ढकलायचा, ते तिचं ती ठरवायची.

दुपारच्या फेरीला काका डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसत. पहिल्या दोन दिवसांत गाडी नऊ वेळा बंद पडली. नवव्या खेपेला काका ओरडणार होते, अगदी मुलावर ओरडायचे तसे, तोंड उघडलंही. पण आपलेच लाल कान आठवले असावेत. तोंड मिटून त्यांनी टॉवेल पिळला.

"थांब," ते म्हणाले. "निघायची घाई करू नकोस. आधी रेस दे. आवाज भरला असं वाटलं की मगच क्लच सोड. तिला श्वास पुरता घेऊ दे."

हे वाक्य म्हणताना त्यांना स्वतःलाच बरं वाटलं. अहो, श्वास देणारा वर एक बसलेला आहेच. तो माणसाला देतो, झाडाला देतो, आणि त्या निळ्या डब्यालाही देतो. आपण फक्त दमानं घ्यायचं. काका देवाचं नाव मोठ्यानं घेणाऱ्यांतले नव्हते, पण त्या दुपारी, घामानं निथळत, ते गुणगुणत होते.

सहाव्या दिवशी गाडी एकदाच बंद पडली. नवव्या दिवशी एकदाही नाही. दहाव्या दिवशी सून तापमापकाकडे न बघता पारा सांगायला लागली, नुसत्या आवाजावरून. पाच वेळा सांगितला, चार वेळा एकदोन अंशांत बरोबर. काकांनी तापमापक हातात घेऊन उलटंसुलटं बघितलं. "हे आता भिंतीवर लावायला हरकत नाही," एवढंच म्हणाले. पण संध्याकाळी न्हाव्याकडे गेले आणि दाढी नको असताना करून आले, सांगायला कोणीतरी हवं म्हणून.

परीक्षेचा दिवस. पारा चाळीसला टेकलेला. काका कुंपणाबाहेर, झाडाखाली. आत बारा गाड्यांची रांग आणि सूनबाई नववी. सगळ्यांची इंजिनं चालू. सुनेनं मात्र गाडी बंद केली, खाली उतरली, बॉनेट उघडून टेकू लावला आणि शेजारी उभी राहिली.

मागचा माणूस म्हणाला, "ताई, बिघडली का?"

"नाही हो. वारा घेतेय."

रांग पुढे सरकली की ती गाडी हातानं ढकलायची. मागच्या माणसानं थोडा वेळ बघितलं, मग तोही ढकलायला आला. अर्ध्या तासानं तिची पाळी आली तेव्हा तिनं बॉनेट लावलं, गाडी चालू केली आणि इन्स्पेक्टरबाई शेजारी बसल्या.

चढाच्या अर्ध्यावर गाडी थांबली. काकांच्या जागेवरून फक्त मागचा भाग दिसत होता. "निघा," असं बाईंनी म्हटलं असावं, पण गाडी निघेना. काकांच्या कपाळावर घाम. त्यांचा उजवा पाय मातीत रुतलेला, बोटं दाबलेली. निघ गं. नाही नाही, निघू नकोस. ऐक आधी.

तिनं ऐकलं. इंजिनाचा आवाज वर चढला, एकदा अडखळला, तिनं पाय तसाच धरला. आवाज भरला. आणि मग ती फिकट निळी गाडी न घसरता, न थरथरता चढ चढून गेली. एखादी परात पाण्यानं काठोकाठ भरून आत ठेवली असती तरी थेंब सांडला नसता. काकांच्या पायाखाली मातीत चांगला खड्डा पडला होता.

वरच्या सपाटीवर गाडी उभी राहिली. खिडक्या उघड्याच होत्या आणि इन्स्पेक्टरबाईंचा आवाज खणखणीत, त्यामुळे कुंपणापर्यंत शब्दन् शब्द आला.

"छान. आता कोणाकडे शिकलात? शाळा बदलली वाटतं?"

"नाही. सासऱ्यांकडेच."

"ते? त्या दिवशी ज्यांची बंद पडली ते?"

"हो, तेच," सून म्हणाली. तिच्या आवाजात असा काही अभिमान होता की काकांना झाडाकडे तोंड वळवावं लागलं. "त्या दिवशी त्यांनीच मला शिकवलं. त्याआधी आम्ही दोघं नुसते फिरायला जात होतो."

बाईंनी कागदावर सही केली.

मार्च संपायला दोन दिवस असताना परवाना दाखल झाला. सूनबाई आता टेकडीवरच्या वस्त्यांत जाते, बाळांची वजनं करते, म्हाताऱ्यांना कुशीवर वळवते. भर दुपारीसुद्धा जाते, कारण दुखणं काही सावलीची वाट बघत नाही.

आता माझी मागणी. एखाद्या तापल्या दुपारी तुमची गाडी चढावर धापा टाकायला लागेल, मागचे लोक भोंगे वाजवतील, आणि शेजारी बसलेल्या नवशिक्या पोरावर किंवा पोरीवर तुमचा आवाज चढायला येईल. त्या वेळी एक क्षण थांबा आणि आमच्या अलगदकाकांची आठवण काढा. भरल्या मैदानात स्वतःची गाडी बंद पडल्यावर जे सुनेला म्हणाले, चूक माझी आहे. त्यांना आठवा, आणि मग बोला.